प्रीकोडिंगवर प्रोजेक्ट घेताय? आधी गुणाकार मोजा

मॅसिव्ह मायमोच्या (एकाच बेस स्टेशनवर ढीगभर अँटेना) प्रीकोडिंगवर, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्याला त्याचाच सिग्नल पोचावा म्हणून तो पाठवण्याआधीच अँटेनांमध्ये वाटून देण्यावर, प्रोजेक्ट घेतला की बहुतेक जण आल्या आल्या मॅट्रिक्स इन्व्हर्सच्या मागे लागतात. थोडं थांबा, आधी कागदावर हिशेब करा.

बेस स्टेशनला ६४ अँटेना, वापरकर्ते ८. फाइव्ह-जीच्या १०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ३० किलोहर्ट्झ अंतराने ३,२७६ सबकॅरियर (पट्ट्यातल्या बारीक वाहक लहरी) बसतात आणि प्रत्येकावर सेकंदाला २८,००० सिम्बॉल (डेटाचे एकेक तुकडे) जातात. सगळा वेळ डाउनलिंक (बेस स्टेशनकडून वापरकर्त्याकडे) धरला, तर तयार प्रीकोडर नुसता लावायलाच सेकंदाला सुमारे ४,७०० कोटी कॉम्प्लेक्स गुणाकार लागतात. १२ सबकॅरियरच्या प्रत्येक ब्लॉकला दर अर्ध्या मिलिसेकंदाला नवा प्रीकोडर काढायचा, तर ८×८ ची ग्राम मॅट्रिक्स (चॅनेल, म्हणजे अँटेना ते वापरकर्ता या वाटांच्या आकड्यांची मॅट्रिक्स, गुणिले तिचाच कॉन्जुगेट ट्रान्सपोज; अर्धीच काढायची, उरलेली तिचीच कॉन्जुगेट) साधारण १२६ कोटी खाते. आणि ग्रामचे त्रिकोणी तुकडे पाडून इन्व्हर्सचं काम भागवणारी चोलेस्की? दहा कोटींच्या आत! तिचं दुखणं वेगळं आहे: भागाकार आणि वर्गमुळं एकामागून एकच करावी लागतात, त्यामुळे हार्डवेअर ताटकळतं.

सिम्युलेशनला नमपाय (पायथनची गणिती लायब्ररी) पुरे. रँडम चॅनेल घेताना रिअल अधिक j गुणिले इमॅजिनरी असा कॉम्प्लेक्स आकडा करून तो √२ ने भागा. मग झीरो फोर्सिंगसाठी (वापरकर्त्यांची एकमेकांत होणारी ढवळाढवळ पूर्ण शून्य करणारा प्रीकोडर) ग्रामच्या इन्व्हर्सचा ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) हजारेक चॅनेलवर काढून सरासरी बघा. ती ८/(६४−८), म्हणजे ०.१४३ च्या आसपास यायलाच हवी. ०.०७१ आली तर √२ राहिलंय. चोलेस्की ‘पॉझिटिव्ह डेफिनिट नाही’ म्हणून अडली, तर बहुधा कॉन्जुगेट न घेता नुसता ट्रान्सपोज केलाय.

झीरो फोर्सिंगच्या रेग्युलराइज्ड प्रकारात इन्व्हर्सआधी ग्रामच्या कर्णावर वापरकर्ते भागिले एसएनआर एवढं मिळवतात. इथला एसएनआर म्हणजे एकूण पॉवर भागिले नॉइज, साधा आकडा. डेसिबल तसेच घातले की आलेख बिघडतात. प्रत्येक पद्धतीची एकूण पॉवर सारखी केल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

आता इन्व्हर्स अंदाजे काढणाऱ्या, सोप्या केलेल्या पद्धती. नॉयमन मालिका (इन्व्हर्सऐवजी मॅट्रिक्सच्या घातांची बेरीज) पेपरात फार गोंडस दिसते. पण ग्रामला तिच्या कर्णाने भागून सुरुवात केली, तर मोठ्या मॅट्रिक्सला अँटेना वापरकर्त्यांच्या ५.८३ पटींहून जास्त असतील तरच ती जुळते. ६४ ला १६ वापरकर्ते घेतलेत, की पदं वाढवाल तशी चूक वाढेल. अँटेना अधिक वापरकर्ते या बेरजेने भागलं तर जुळते खरी, पण दर पदाला चूक जेमतेम ०.८ पट होते. तीन पदांनंतरही निम्मी शिल्लक. शिवाय पदं वाढली की मॅट्रिक्स-मॅट्रिक्स गुणाकार येतात आणि वाचवलेलं सगळं परत जातं. अशा गर्दीत कॉन्जुगेट ग्रेडियंट (इन्व्हर्स न काढता फेरीफेरीने उत्तराजवळ जाणारी पद्धत) घ्या, आणि दर फेरीनंतर बिट एरर मोजून मगच फेऱ्या ठरवा.