स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर जेवणाची घडी कशी बसवावी

वजन कमी करण्यासाठीच्या या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो, म्हणून पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, तेही घोट-घोट घ्यावेत. मुगाचे गाळलेले कढण अर्धी वाटी संपवायला मला अर्धा तास लागत असे. नंतर घोटलेले आणि मग मऊ अन्न सुरू करावे. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे. आपल्या कोल्हापुरात तांबडा-पांढरा आग्रहाने वाढतात आणि तो आग्रह मोडणे मला फार जड गेले, तेव्हा घरच्यांना आधीच विश्वासात घ्यावे. रंकाळ्यावर रोज हळूहळू चालावे. डॉक्टरांनी दिलेली जीवनसत्त्वे आयुष्यभर घ्यावी लागतात. वजन उतरले म्हणून ती सोडू नयेत. ताप, सतत उलट्या किंवा छातीत धडधड जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.