सिटकॉमची कल्पना: सुचण्यापासून पिचपर्यंत

‘एका ऑफिसात सगळे विक्षिप्त लोक आहेत आणि खूप गमती होतात.’ ही सिटकॉमची, म्हणजे तीच पात्रं घेऊन भागाभागाने चालणाऱ्या विनोदी मालिकेची, कल्पना नव्हे. गमती कशामुळे होतात आणि पन्नासाव्या भागातही का होत राहतील, याचा त्यात पत्ताच नाही. पिचमध्ये, म्हणजे कल्पना ऐकवायला जाल तेव्हा, वाहिनीवाले नेमकं तेच विचारतात.

म्हणून विनोद तूर्त बाजूला ठेवा आणि आधी माणसं अडकवा. एकमेकांशी न पटणारी माणसं हवीत, आणि त्यांना निघून जाता येऊ नये असं कारणही हवं. समजा, नवरा-बायकोचा घटस्फोट झालाय, पण दोघांच्या नावावरचं ड्रायव्हिंग स्कूल कर्जापायी विकता येत नाही. ती पै-पैचा हिशेब ठेवणारी, त्याच्या तोंडून कुणालाही ‘नाही’ निघत नाही. एक शिकाऊ सहाव्यांदा नापास होतो. हा त्याला पुढचे धडे फुकट कबूल करून बसतो आणि ते लपवायला खोट्या पावत्या फाडतो. पावतीपुस्तक लवकर संपलेलं बघून तिला वाटतं, धंदा वाढला. ती दुसरी गाडी बुक करून येते. यात कोट्या कुणीच केलेल्या नाहीत. दोघं आपापल्या स्वभावाला जागले, एवढंच. शिवाय भाग संपताना दोघं होती तिथेच परत येतात. सिटकॉममधला माणूस फार सुधारला, की मालिका आटोपलीच.

आता दहा भाग लिहून काढा, प्रत्येकी दोन-तीन ओळींत. चौथ्या-पाचव्याला अडलात तर नवे प्रसंग शोधत बसू नका, पात्रांकडे परत जा. बहुतेकदा तिसऱ्या, दोघांनाही नडणाऱ्या माणसाची गरज असते. भाग शेकड्यांनी हवेत असं मात्र नाही. ‘फॉल्टी टॉवर्स’ ही ब्रिटिश मालिका १९७५ आणि १९७९ मधल्या सहा-सहा भागांवरच अजरामर झाली.

मग पायलट, म्हणजे पहिला भाग. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं हाती उरतात. एक मुख्य कथानक, एक छोटं उपकथानक, बस्स. सगळ्यांची ओळख करून देण्यात पहिला भाग घालवणं ही नवख्यांची हमखास चूक. घडी विस्कटते त्या दिवसापासून सुरुवात करा.

सोबत दोन-तीन पानांची कन्सेप्ट नोट: एका वाक्यात कल्पना, पात्रं, पुढचे काही भाग. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, लिहिलेल्या मजकुरावर मिळतो. तेव्हा जे सांगणार ते आधी कागदावर आणा.

प्रत्यक्ष पिचमध्ये वाचून दाखवू नका. पात्रांचा एक प्रसंग गप्पा मारल्यासारखा सांगा आणि हे तुम्हालाच का लिहायचंय तेही. ‘फारच विनोदी आहे’ असं स्वतः म्हणू नका. समोरचा हसला तर त्याला कळेलच.

नंतर सूचना येतील. ‘नायिका जरा गोड करा’ हे ऐकून लगेच तिला गोड करू नका. ऐकणाऱ्याला ती नेमकी कुठे खटकली ते विचारा. कदाचित तिची अडचण उशिरा कळत असेल. कधी मात्र पात्रच बदलावं लागतं. ‘द बिग बँग थिअरी’चा पहिला पायलट नाकारला गेला होता. दोन्ही नायक तेच ठेवले, शेजारची मुलगी नव्याने लिहिली, आणि २००७ मध्ये सुरू झालेली ती मालिका १२ सीझन चालली.