मिनी ग्राइंडर चालू करण्याआधी

रोटरी टूल म्हणा, मिनी ग्राइंडर म्हणा, नाहीतर एका कंपनीच्या नावाने सरसकट ‘ड्रेमेल’ म्हणा, हे यंत्र मुठीत मावते आणि म्हणूनच कसलीही तयारी न करता हातात घेतले जाते. मोठ्या अँगल ग्राइंडरला माणूस आपसूक दबकून असतो, याला नाही. याच्यात जोर बेताचाच असतो, पण वेग अफाट. ३८ मिलिमीटरची कापायची चकती ३०,००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तितके फेरे घेत फिरत असेल तर तिची कड सेकंदाला जवळजवळ ६० मीटर, म्हणजे ताशी २१५ किलोमीटर वेगाने जात असते. त्या वेगाने सुटलेला तुकडा चुकवायला वेळच मिळत नाही. म्हणून सुरक्षिततेचे बहुतेक काम स्विच दाबण्याआधीच उरकावे लागते. पुढची यादी करवंटीवरची नक्षी, मखरासाठी एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड) कापणे, गंजलेला बोल्ट उडवणे, बाटलीवर नाव कोरणे अशा घरगुती कामांसाठी आहे.

आधी यंत्रावरची पट्टी वाचा. अमेरिकेहून कुणी आणून दिलेले टूल १२० व्होल्टचे असते, आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. पिना बदलणारा अडॅप्टर लावला म्हणून व्होल्टेज उतरत नाही. असे टूल थेट लावले तर मोटर जळण्याआधी मर्यादेच्या कितीतरी वर फिरते आणि चकती तेवढ्यासाठी बनवलेलीच नसते. पट्टीवर चौकोनात चौकोन हे चिन्ह असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे आणि दोन पिनांचा प्लग ठीक आहे. घराच्या डीबीत (विजेच्या मुख्य बोर्डात) ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का तेही बघून ठेवा, नसेल तर वायरमनला बोलावण्याचे हे चांगले निमित्त आहे. प्लग लावताना टूलचा स्विच बंद आहे याची दर वेळी खात्री करा. बहुतेक मॉडेलचा स्विच सरकवायचा असतो, म्हणजे आहे त्या जागी राहतो. काम चालू असताना लाईट गेली, तुम्ही टूल टेबलावर ठेवून उठलात आणि दहा मिनिटांनी लाईट आली, की ते आपले आपण सुरू होऊन टेबलावर नाचते. तेव्हा लाईट गेली की आधी स्विच बंद करायचा, मग प्लग काढायचा आणि त्यानंतर मेणबत्ती शोधायची.

जागा लहान असली तरी चालेल, पण टेबल हलता कामा नये. उजेड बाजूने येऊ द्या, समोरून आला तर नेमकी कापायची रेष झाकोळते. डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, तो धूळ खोलीभर पसरवतो. खिडकीत एक्झॉस्ट असेल तर तिकडे तोंड करून नका बसू, धूळ तुमच्यापासून दूर ओढली जाईल असे बाजूला बसा. वायर खांद्यावरून मागे सोडा म्हणजे ती बिटच्या (टूलच्या टोकाला बसवलेल्या फिरत्या हत्याराच्या) वाटेत येत नाही. लोखंड कापायचे असेल तर आधीचा लाकडाचा भुसा पूर्ण उचला आणि थिनर, सॅनिटायझर, टर्पेंटाइन, कापूस ही मंडळी खोलीबाहेर ठेवा. ठिणग्या लहान असतात, पण बारीक भुश्यात पडलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहू शकते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो वस्तू पक्की बसवण्याला. एका हातात वस्तू आणि दुसऱ्या हातात टूल, ही बोटांना इजा होण्याची हमखास रीत आहे. चपट्या वस्तूला दोन सी-क्लॅम्प लावा, कारण एकाच क्लॅम्पभोवती ती फिरते. बोल्ट, पट्टी, चावी असे काही असेल तर छोटा व्हाइस घ्या आणि ओरखडे नको असतील तर जबड्यांत जाड पुठ्ठा घाला. करवंटीचा प्रश्न वेगळा आहे: ती बाहेरून गोल, आतून पोकळ, आणि क्लॅम्प आवळला की तडकते. आधी बाहेरच्या शेंड्या पॉलिश पेपरने पूर्ण काढा, उरलेला काथ्या बिटभोवती गुंडाळला जातो. मग आतल्या बाजूला तळाशी लाकडाचा ठोकळा हॉट ग्लूने चिकटवा आणि व्हाइसमध्ये तो ठोकळा पकडा. करवंटी छत्रीसारखी वर राहते, चारही बाजूंनी हात फिरतो आणि दाब ठोकळ्यावर येतो. नक्षीतल्या जाळीच्या प्रत्येक घरात आधी २ मिलिमीटरचे भोक पाडून घ्या, नंतर निमुळत्या कार्बाइड बरने (कठीण, दातेरी बिटने) ते हळूहळू मोठे करा. गोल पाठीवर टोक ठरत नाही, घसरते. भोकाच्या जागी पेपर टेपचा तुकडा लावून त्यावर दाभणाने खूण केली की बिट तिथेच बसते.

कापताना खाच मिटू नये हेही वस्तू बसवतानाच बघायचे असते. सळई दोन्ही टोकांना टेकवून मधोमध कापायला घेतली, तर कापत आल्यावर ती वाकते, खाच आवळते, चकती त्यात अडकते आणि फुटते किंवा टूल हातातून उसळते. कापून पडायचे टोक मोकळे लोंबू द्या आणि खाच व्हाइसच्या शक्य तितकी जवळ घ्या.

अंगावरच्या कपड्यांचे थोडक्यात: बाह्या दुमडलेल्या, ओढणी काढलेली, केस बांधून टोपीत, मंगळसूत्र किंवा साखळी कपड्याच्या आत, मनगटावरचा गंडा आणि घड्याळ काढलेले, पायात बंद बूट. सुती सैल हातमोजे घालू नयेत. फिरत्या बिटला एक धागा मिळाला की तो मोज्यासकट बोट ओढून नेतो.

नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. त्याला बाजूने आडोसा नसतो आणि तुकडा तर बाजूनेच येतो. चष्म्यावरून बसणारा बंद गॉगल घ्या, त्यावर आयएस ५९८३, ईएन १६६ किंवा एएनएसआय झेड८७.१ या सुरक्षा मानकांपैकी काही छापलेले असावे. चकती वापरायची असेल तर गॉगलवर फेस शील्डही चढवा, पण गॉगल काढून नुसते शील्ड नको. नाकाला रुमाल बांधून काही उपयोग नाही, बारीक धूळ त्यातून सहज जाते. एन-९५ किंवा आयएस ९४७३ छापाचा एफएफपी२ मास्क लावा आणि नाकावरची पट्टी दाबून बसवा. दाढीमुळे मास्कच्या कडेला फट राहते, हे दाढीवाल्यांनी लक्षात घ्यावे. एमडीएफच्या धुळीत लाकडाबरोबर फॉर्मल्डिहाइडचे रेझिन असते, दगड-फरशीच्या धुळीत सिलिका असते. जुन्या खिडकी-दारांचा रंग या टूलने घासूच नका. घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात किती शिसे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा वादाचा राहत नाही.

आता बिट आणि कोलेट, म्हणजे बिटची दांडी पकडणारी चिमटी. बिटची दांडी आणि कोलेटचे भोक एकाच मापाचे हवे. या टूलांची नेहमीची दांडी ३.२ मिलिमीटरची, तर दातांच्या डॉक्टरांकडच्या बरची २.३५ मिलिमीटरची, आणि तिला २.४ चा कोलेट लागतो. ३.२ च्या कोलेटमध्ये बारीक दांडी आवळून बसवली तर ती मध्यावर बसत नाही, थरथरते आणि सैल होऊन उडते. बिट बदलताना आधी प्लग काढा, बॅटरीचे टूल असेल तर बॅटरी. दांडी आत टेकेपर्यंत घाला, मग एक-दीड मिलिमीटर मागे घ्या. नट बोटांनी घट्ट करा आणि पान्याने साधारण पाव फेरा द्या. बिट नसताना रिकामा नट पान्याने आवळू नका, कोलेट आक्रसतो आणि पुढे बिट शिरत नाही. नट फिरवताना टूलचा दांडा अडवून धरणारे लॉक बटण फक्त टूल पूर्ण थांबल्यावर दाबायचे. फिरत्या टूलवर ते दाबले की आतली पिन किंवा खाच तुटते, आणि मग बिट बदलणेच बंद. बिटची दांडी बाहेर जितकी कमी, तितके चांगले. लांब बाहेर आलेली बारीक दांडी चढ्या वेगाला वाकते, आणि एकदा वाकायला लागली की क्षणात काटकोनात जाते.

चकती विकत घेतानाच पारखा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत शेकड्याने मिळणाऱ्या चकत्यांत चांगल्याही असतात, पण जिच्यावर किंवा जिच्या डबीवर कमाल आरपीएम छापलेला नाही ती घेऊ नका. तो आकडा तुमच्या टूलच्या कमाल वेगाएवढा किंवा त्याहून जास्त हवा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तपकिरी चकत्या अतिशय ठिसूळ असतात. नवख्याने फायबरची जाळी घातलेली चकतीच घ्यावी. खाली पडलेली चकती वरून धड दिसली तरी टाकून द्या, केसाएवढी चीर पुरते. ओलाव्याने रेझिनची चकती कमजोर होते, तेव्हा कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात त्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा. कापायची चकती कडेनेच कापते. तिच्या सपाट अंगाने घासायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि ती फुटण्याचे एक मोठे कारण हेच आहे. घासायला सँडिंग ड्रम किंवा दगडी बिट वेगळे असते.

वेग आधी ठरवा, मग टूल वस्तूला लावा. तारेचा ब्रश कोणत्याही कारणाने १५,००० च्या वर नेऊ नये, त्याच्या तारा सुटून सुईसारख्या कपड्यांत आणि कातडीत घुसतात. नमद्याच्या पॉलिश चाकालाही हीच मर्यादा. अॅक्रिलिक आणि इतर प्लास्टिक सगळ्यात कमी वेगाला, थांबत थांबत. कडेला दोरे निघायला लागले म्हणजे ते कापले जात नाही, वितळते आहे. पीव्हीसी पाइप तापून धूर आला तर लगेच थांबा, त्यात हायड्रोजन क्लोराइड असतो आणि तो घसा जाळतो. अॅल्युमिनियमवर दगडी बिट लावू नका. मऊ धातू त्याच्या रंध्रांत भरतो, दगड गुळगुळीत होतो, तापतो आणि फुटू शकतो. त्याला कार्बाइड बर घ्या आणि मधूनमधून बरला मेणबत्ती लावा. पोलाद कापताना वेग चढा, पण दाब अगदी हलका. मोटरचा आवाज उतरला की तुम्ही जास्त दाबताय, हात उचला.

नवी चकती किंवा ब्रश बसवल्यावर टूल तोंडापासून लांब धरून, चकतीच्या रेषेत कुणी नाही हे बघून, कामाला लावायच्या वेगावर एक मिनिट मोकळे फिरवा. चकती असेल तर पूर्ण वेगावर. खराब चकती बहुधा याच मिनिटात तुटते. थरथर जाणवली तर बंद करून बिट पुन्हा बसवा, तरीही गेली नाही तर बिट वाकडे आहे. पुढे काम करतानाही चेहरा चकतीच्या रेषेत येऊ देऊ नका, किंचित बाजूला बसा. कोरताना टूल पेनसारखे धरले तरी चालते, कापताना मात्र दोन्ही हात लावा आणि हवेच्या झरोक्यांवर बोटे नकोत.

बिट कोणत्या बाजूने ओढणार हेही आधी माहीत असावे. मागून पाहिले तर ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. म्हणून राउटर बिटने (बाजूने कापणाऱ्या बिटने) एमडीएफची बाहेरची कड घ्यायची असेल तर टूल काट्यांच्या उलट दिशेने फिरवत न्या, भोकाची आतली कड काट्यांच्या दिशेने. दोन्ही वेळा लाकूड तुमच्या चालीच्या डाव्या हाताला येते. उलटे गेलात तर बिट लाकडावर चढून स्वतःच पळत सुटते आणि रेष मोडते.

काचेवर कोरायचे असेल तर डायमंड बिट आणि पाणी दोन्ही हवे. कोरडी काच तापून तडकते आणि तिची धूळ उडते. पण वायरचे टूल आणि पाणी जवळ आणायचे नाहीत. फ्लेक्सिबल शाफ्ट (मोटरची फिरकी हातातल्या टोकापर्यंत नेणारी लवचीक नळी) लावून मोटर उंचावर टांगा, हातातल्या टोकाशीच ओल राहील असे बघा, आणि ओला स्पंज बाटलीला टेकवून ठेवा, धार सोडू नका. शाफ्टला आवळ वळण दिले तर तो आतून तापतो. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेला अजिबात हात लावू नका, एका ओरखड्याने ती चुरा होऊन कोसळू शकते. काम झाले की काचेचा गाळ ओल्या कागदाने टिपून घ्या, झाडू मारू नका.

बंद केल्यावर बिट फिरायचे थांबेपर्यंत टूल हातातच धरा. झरोक्यांत साठलेली धूळ गॉगल न काढता ब्लोअरने उडवा, धातूचा कीस आत राहिला तर मोटर शॉर्ट होते. साधारण ४०-५० तासांच्या वापरानंतर कार्बन ब्रश काढून बघा, ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर दोन्ही एकदम बदला. कपडे बाहेर झटका आणि चेहरा धुऊन मगच गॉगलखालच्या घामाला हात लावा, कारण भुवईवर बसलेला कीस नेमका तेव्हा डोळ्यात जातो.

टेबलाच्या हाताशी स्वच्छ पाण्याची बाटली, निर्जंतुक गॉज आणि एक कागदी कप ठेवा. डोळ्यात धूळ गेली तर न चोळता पाण्याने धुवा. कण रुतला असेल तर तो कापसाने, चिमट्याने, चुंबकाने काढायचा प्रयत्न करू नका. दाब न देता वरून कप झाका आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लोखंडाचा कण बुबुळावर काही तासांतच गंजाची कडी सोडायला लागतो, त्यामुळे ‘सकाळी बघू’ म्हणायचे नाही. रात्री उघडे असणारे जवळचे नेत्ररुग्णालय कोणते ते आधीच शोधून त्याचा नंबर भिंतीवर चिकटवा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो कुठे आहे ते दाखवून ठेवा.