कोकणात फिरायला सुरी घेताय?

आधी दुकानात जाऊ नका. आपण नक्की काय कापणार ते कागदावर लिहा: दोरी, कांदा, गरवलेला मासा, वाटेतली करवंदीची जाळी, शहाळं. यातली पहिली तीन कामं चार इंची पात्याची सुरी आरामात करते. शेवटची दोन कोयतीची. दोन्हींसाठी मिळून एकच भलामोठा सुरा घेतला, तर कांदा नीट चिरत नाही आणि शहाळंही धड सोलत नाही. पाठीवर करवतीचे दात असलेला तर घेऊच नका. त्याने फांदी कापून दाखवणारा मला अजून भेटायचाय.

मग पोलाद बघा. इथे खरी गोम आहे, कारण खारा वारा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण गंजही तितक्याच पटकन. माझी पहिली सुरी वेळासला एक रात्र ओल्या पंच्यात गुंडाळलेली राहिली. सकाळी पातं तांबूस ठिपक्यांनी भरलेलं. किनाऱ्यावर स्टेनलेसच बरं. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा पातळ थर पात्याला राखतो. मीठ मात्र तो थरही पोखरतं. म्हणून खाडीत वापरलेली सुरी गोड्या पाण्याने धुवायची, कोरडी पुसायची.

घडीची सुरी खिशात छान मावते, पण पुळणीवरची वाळू बिजागरीत शिरली की ती करकरते. दुमडत नाही अशी, आणि पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, अशी घ्या. मूठ खडबडीत रबराची हवी. लाकडी मूठ पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून सैल होते. दुकानात हात ओला करून धरून बघा. बांगडा साफ करताना हात याहून बुळबुळीत असतो! बोट पात्यावर घसरू नये म्हणून पुढे अडणी आहे ना, तेही पाहा.

म्यान चामड्याचं नको. ते ओल धरतं, पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. प्लास्टिकचं, तळाला भोक असलेलं बरं.

कोयती गावच्या लोहाराकडून घ्या. ट्रकच्या कमानपाट्याची मिळाली तर उत्तम. ती हातात तोलून पाहा, वजन टोकाकडे जाणवलं पाहिजे. कमरेच्या आकडीत अडकवायची सवय नसेल तर गोणपाटात गुंडाळूनच न्या. ही गंजणाऱ्या पोलादाचीच, तरी घरच्या कोयतीवर गंज दिसत नाही, कारण ती रोज दगडावर घासली जाते.

कायद्याचंही बघा. घरगुती वा शेतीकामाचं नसलेलं, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्याच्या नियमांत येतं. विमानात तर हातातल्या सामानात छोटी सुरीही नको.

घरी आल्यावर पात्याला खोबरेल तेलाचा हात फिरवा आणि सुरी म्यानाबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच फळीवर ठेवा.