ग्रीन कार्डची RFE, जन्मदाखल्यावर नावच नाही: माझा अनुभव

नवरा अमेरिकन सिटिझन, आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (माझा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र भरले, आणि मग आरएफई, म्हणजे अमेरिकी इमिग्रेशन खात्याची जादा पुराव्याची मागणी, आली: माझ्या जन्मदाखल्यावर बाळाचं, म्हणजे माझं, नाव नाही. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांवर हा रकाना कोरा असतोच. पासपोर्ट, आधारच्या कॉपी फाइलमध्ये होत्या, त्याने भागलं नाही. नगरपालिकेत आईने विचारलं तर म्हणे १५ वर्षं उलटली, आता नाव चढत नाही. डोकं फिरलं अगदी.

शेवटी जे चाललं ते असं. आधी तोच बिननावाचा दाखला, नवी सही-शिक्क्याची प्रत काढून. मग शाळा सोडल्याचा दाखला, त्यात जन्मतारीख, जन्मगाव दोन्ही हवं. मग दोन ॲफिडेव्हिट, एक आईचं, एक मोठ्या मावशीचं (नवरा-बायकोचं स्वतःचं चालत नाही), आणि प्रत्येकात त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख-जन्मगाव, माझ्याशी नातं, माझी जन्मतारीख, ठिकाण, आईवडिलांची नावं आणि मुख्य म्हणजे हे त्यांना कसं माहीत, मावशीने लिहिलं की बाळंतपणाला ती दवाखान्यात होती. नोटरीवाल्याचा तयार मसुदा घेऊ नका, त्यात हेच नसतं. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर, खाली भाषांतर करणाऱ्याची सही की पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात. आरएफईची ओरिजिनल नोटीस सगळ्यात वर, आणि सगळं एकाच पाकिटात, नंतर पुरवणी घेत नाहीत.

कार्ड आलं. लग्नाला २ वर्षं व्हायच्या आत मंजूर झालं तर कंडिशनल, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे अट काढायचा अर्ज, भरायचा.