जुन्या गाडीचे सस्पेन्शन बुश बदलायचे की नाही? ठरवताना या चुका टाळा

दहा-बारा वर्षं चाललेली कुठलीही गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून टॉर्च मारा, बुशच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबरी तुकड्यांच्या, रबरावर भेगा दिसणारच. त्या दाखवून कुणी "सगळे बुश गेलेत" म्हणालं, की मालक एकतर घाबरून सगळं सस्पेन्शन खोलायला सांगतो, नाहीतर "जुनी गाडी आहे, आवाज येणारच" म्हणून तशीच चालवत राहतो. दोन्हीकडे नुकसान त्याचंच. माझं मत असं, की बुशचा निकाल त्याच्या वयावर किंवा दिसण्यावर लावू नये. तो लोखंडाला किती सरकू देतोय, ते बघून लावावा.

आधी बुश डोळ्यांपुढे आणू. बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मधे दोन्हींना घट्ट चिकटवलेलं रबर. बाहेरचं कडं आर्ममध्ये, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोखंडी दांड्यात, दाबून बसवलेलं असतं, आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये आवळलेली असते. चाक वर-खाली झालं की आर्मबरोबर कडं थोडं फिरतं, नळी जागची हलत नाही आणि मधलं रबर पिळलं जातं. ते घसरत नाही, पिळलं जातं. बहुतेक बुश असेच असतात, आणि एवढं लक्षात ठेवलं तर पुढच्या निम्म्या चुका आपोआप कळतील.

भेग दिसली की बुश गेला, असं धरून चालणं

हवेतला ओझोन आणि इंजिनची उष्णता यांनी रबर वरून तडकतं. नुसती वरवरची जाळी असेल तर बुश अजून बरेच दिवस काम देऊ शकतो. त्यात आणखी एक फसगत असते. गाडी लिफ्टवर असताना चाकं लटकतात, आर्म खाली झुकतात आणि रबराला एरवीपेक्षा जास्त पीळ बसतो. त्यामुळे बारीक भेगाही तोंड उघडतात. तोच बुश गाडी चाकांवर उभी असताना पाहिला तर बराच मिटलेला दिसतो. म्हणून शक्य असेल तर पिटवर, चाकांवर वजन असताना बघायचा आग्रह धरा.

काही बुशमध्ये कंपनीनेच चंद्रकोरीसारख्या पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणजे एका दिशेने बुश मऊ लागतो आणि दुसरीकडे कडक. त्या पोकळ्यांना फाटलेलं रबर समजून चांगले बुश फेकून दिलेले मी पाहिले आहेत. साच्यातल्या पोकळीची कड गुळगुळीत असते आणि दुसऱ्या बाजूच्या बुशमध्येही ती तशीच सापडते. फाटलेली कड दातेरी असते.

बुश खरोखर संपल्याच्या खुणा वेगळ्या आहेत. रबर कड्यापासून सुटलेलं, भेग आरपार गेलेली, आतली नळी मध्य सोडून एका बाजूला टेकलेली, किंवा लोखंडावर लोखंड घासून चकाकलेली जागा. काही गाड्यांच्या लोअर आर्मच्या मागच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तो गळून ओला डाग पडला असेल तर रबर वरून कितीही धड दिसू दे, बुश कामातून गेला. फक्त डाग वरून टपकणाऱ्या इंजिन ऑइलचा नाही ना, एवढं आधी बघा.

आवाज ऐकून थेट पार्ट मागवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. पुढून खट-खट यायची म्हणून दोन्ही शॉकअप बदलून घेतले, आणि गॅरेजमधून निघाल्यावर पहिल्याच खडबडीत रस्त्यावर तोच आवाज. शेवटी निघाला लिंक रॉड, म्हणजे स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला) चाकाकडच्या भागाशी जोडणारी सळई. शॉकअपच्या मानाने किती छोटा पार्ट!

तेव्हापासून आवाज कधी येतो ते आधी लिहून काढतो. हळू वेगात, बारीक खड्ड्यांवर सतत खट-खट असेल तर संशय लिंक रॉड किंवा स्टॅबिलायझर बारच्या बुशवर. ब्रेक मारताना एकदा "धड" आणि पुन्हा गाडी हलताना एकदा "धड", तर लोअर आर्मचे बुश. पण ढिले ब्रेक पॅड आणि बसलेलं इंजिन माउंटिंगही असाच आवाज करतात. उभ्या गाडीत नुसतं स्टिअरिंग फिरवताना कुरकुर होत असेल तर स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीचं) वरचं माउंटिंग. मागून आवाज येत असेल तर आधी डिकीतला जॅक आणि स्टेपनी बाहेर काढून एक फेरी मारा. ब्रेकला स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कही तपासा. डिस्कमधली थोडी खोट ढिला बुश मोठी करून दाखवतो.

मग ही चाचणी. रिकामी, सपाट जागा आणि दोन माणसं हवीत. एकाने गाडी माणसाच्या चालीने पुढे न्यायची आणि ब्रेक मारायचा, मग तसंच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने गाडीच्या पुढे-मागे अजिबात उभं राहायचं नाही. बाजूला काही पावलं लांब राहून पुढचा टायर आणि फेंडर यांच्यामधली फट बघायची. धड बुशवर चाक किंचित दबतं आणि परत येतं. गेलेल्या बुशवर चाकच मागे सरकताना दिसतं, फट एकीकडे बारीक होते आणि "धड" ऐकू येतो. दोन्ही बाजूंनी हे करा. डाव्या-उजव्यातला फरक हाच सगळ्यात भरवशाचा पुरावा.

गाडीखाली टॉमी (लोखंडी पहार) लावून बघतानाही तेच शोधायचं. रबर दबून परत आलं तर ठीक. आर्म मोकळेपणाने सरकला आणि सरकला तिथेच राहिला तर बुश गेला. टॉमीवर सगळं अंग टाकू नका, तेवढ्या जोराला नवा बुशही हलतो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावलेच पाहिजेत.

सगळे एकदम, किंवा फक्त एकच

सगळ्या बुशची निकड सारखी नसते. तपासताना बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा गोळ्याचा सांधा) ढिला निघाला तर बुशची चर्चा थांबवून तो आधी करा, कारण तो निसटला तर चाक गाडीला धरून राहत नाही. त्यानंतर लोअर आर्मचे बुश आणि मागच्या ॲक्सलचे बुश, कारण ब्रेक मारताना आणि वळताना गाडीची दिशा त्यांच्यावर अवलंबून असते. स्टॅबिलायझर बारचे बुश आवाज करतात, पण सहसा थांबू शकतात. मात्र जे बदलाल ते डावे-उजवे जोडीने. एक कडक आणि एक सैल बुश असला की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

नुसता बुश घ्यायचा की आख्खा आर्म? बॉल जॉइंट आर्ममध्येच रिव्हेट केलेला असेल आणि तोही थकलेला असेल, तर मी आख्खा आर्म घेईन. मजुरी एकदाच पडते. आर्म गंजून पातळ झाला असेल तर प्रश्नच नाही. काम सुरू करण्याआधी बोल्ट आतल्या नळीत गंजून अडकलेत का, ते मेकॅनिकला विचारा. अडकलेला बोल्ट कापावा लागतो, आणि नवा हाताशी नसेल तर गाडी रॅम्पवरच अडकते.

करकर थांबवायला ऑइल मारणं

पेट्रोलियम ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. दोन दिवस शांतता मिळते, आणि बुशचं उरलंसुरलं आयुष्य जातं. करकर नेमकी कुठून येते ते शोधायचं असेल तर एकेका बुशवर साधं पाणी शिंपडा. जिथे आवाज बदलला, तो तुमचा बुश. पॉलीयुरेथेनचे बुश जास्त टिकतात म्हणून अनेकजण सुचवतात, पण ते कडक असतात आणि रस्त्याची थरथर केबिनमध्ये आणतात. रोज घरच्यांना घेऊन फिरणाऱ्या गाडीत मी रबरच बसवीन.

चाक लटकत असताना बोल्ट आवळणं

चांगले नवे बुश सर्वात जास्त या चुकीने मरतात, आणि घाईच्या कामात ती हमखास होते. चाक लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला, की आतली नळी त्या झुकलेल्या स्थितीत पकडली जाते. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो आणि रबर उभ्या गाडीतच पिळलेलं राहतं. पुढे प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. माझ्या गाडीचा एक नवाकोरा बुश असाच काही महिन्यांत फाटला. काढून पाहिला तर रबर कड्यापासून अर्ध्या गोलात सुटलेलं, बाकीचं अगदी ताजं.

योग्य पद्धत सोपी आहे. गाडी उचलण्याआधी सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. आर्म बसवताना बोल्ट फक्त हाताने लावा. मग गाडी स्टँडवर असतानाच आर्मखाली जॅक लावून ते अंतर पुन्हा येईपर्यंत उचला आणि तेव्हा टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळा. उचलताना गाडीच स्टँडवरून सुटायला लागली तर तिथेच थांबा. मग गाडी चाकांवर उभी करून पिटवर आवळणं बरं.

जुना बुश काढण्याआधी तो कुठल्या कोनात बसलाय, त्याची आर्मवर खूण करा. पोकळ्या असलेला बुश उलटसुलट बसला तर गाडीची चाल बदलते. नवा बुश प्रेसने, बाहेरच्या कड्यावर दाब देऊन बसवायचा. आतल्या नळीवर हातोडा मारला तर रबराचा चिकट जोड तिथेच सुटतो.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या. त्यानंतरही टायरची घरघर राहिली तर पुन्हा बुशकडे वळू नका. ढिल्या बुशवर चाललेले टायर बऱ्याचदा आतून वेडेवाकडे झिजलेले असतात आणि ते तसेच वाजत राहतात. पुढची चाकं मागे टाकून बघा. घरघर मागे गेली तर ती टायरचीच.