फ्रेंच युद्धनौकेचा इतिहास कसा शोधावा

आधी नाव, गोदी आणि बांधणीचे वर्ष एकत्र पक्के करा. नुसत्या नावावर विसंबू नका. फ्रान्सच्या रोशफोर बंदरात बांधलेली, 1780 मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला फ्रेंच सेनानी लाफाएत याला बॉस्टनला नेणारी ‘एर्मिऑन’ 1793 मध्ये फ्रेंच किनाऱ्यावरच्या ल क्रोआझिकजवळ खडकावर आदळून बुडाली. 1797 चे खलाशांचे बंड मात्र त्याच नावाच्या ब्रिटिश फ्रिगेटवरचे (फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका)!

मग मापे. सर्वाधिक घोळ इथेच होतो. फ्रेंच फूट 32.48 सेंटिमीटरचा, इंग्रजी 30.48 चा, 130 फुटांत 2.6 मीटरचा फरक पडतो. फ्रेंच पौंड सुमारे 489.5 ग्रॅमचा, त्यामुळे ‘12 पौंडी’ तोफेचा गोळा इंग्रजी 13 पौंडांच्या जवळ जातो.

1793 च्या अखेरीपासून 1805 च्या अखेरपर्यंतच्या कागदांवर क्रांतिकारी पंचांगाच्या, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीने आणलेल्या नव्या कालगणनेच्या, तारखा असतात. त्या आधी नेहमीच्या इंग्रजी तारखांत बदलून घ्या. नौका इंग्रजांनी पकडली असेल, तर पुढच्या नोंदी लंडनच्या दप्तरात शोधा, कधी नव्या नावाखाली.